आधी शेजाऱ्याचं सांग

अक्का गेली त्याला तीन महिने झाले. ती माझी मोठी बहीण. दोनदा लोकसभेवर निवडून गेली, मधे एकदा पडली. वर्तमानपत्रांत आलं ते एवढंच. मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, लग्न केलं नाही, आणि देवपुरातल्या घरात तिच्यासोबत राहत आलो. मला लिहायला वेळ लागतो. हे पान चौथ्यांदा लिहितो आहे.

सांगायचं आहे ते आमच्या ओट्याबद्दल. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं पहिल्या एसटीनं धुळ्यात उतरत, रिक्षा करून पांझरेच्या पुलावरून देवपुरात येत आणि सात वाजता ओट्यावर बसलेली असत. अक्काचा नियम एकच होता : आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचं नाही. शेजारी बसलेल्याचं नीट ऐकून घ्यायचं आणि अक्कापुढे ते मांडायचं. आपलं तो मांडेल.

हे तिनं कुठून आणलं, ते मला माहीत आहे. राजकारणात येण्याआधी ती पायथ्याच्या एका गावात शिक्षिका होती. तिथली मुलं स्वतःची भूक कधी बोलून दाखवत नसत. पण शेजारच्याकडे बोट करून लगेच सांगत, "बाई, यानी सकायपासून काही खादं नही." अक्का म्हणायची, "स्वतःचं मागताना माणूस एक तर लाजतो, नाही तर वाढवून सांगतो. दुसऱ्याचं तेवढं सरळ सांगतो."

एकदा दोन सख्खे भाऊ आले. शेतांमधल्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. नियमाप्रमाणे धाकट्याला थोरल्याची बाजू मांडावी लागली. मान खाली घालून तो म्हणाला, "हाऊ म्हणस, मी बांध कोरस."

"मग, कोरस का तू?" अक्कानं विचारलं.

"ते तो सांगी ना!"

सगळा ओटा हसला. थोरलाही हसला, आणि त्यांचं निम्मं भांडण तिथंच संपलं. पुढे त्या दोघांनी मधला बांध काढून टाकला.

अशा ओट्याच्या जोरावर अक्का पहिल्यांदा दिल्लीला गेली आणि तिथं एक चूक करून बसली. सभागृहातला तिचा पहिला प्रश्न होता शेजारच्या मतदारसंघातल्या मजुरांचा. त्यांच्या स्टेशनवर गाडी थांबत नव्हती. गाडी थांबू लागली, तिथल्या खासदारांनी हारतुरे घेतले. आमच्या नाल्यावर हव्या असलेल्या पुलाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. पावसाळ्यात तो नाला भरला की पायथ्याची गावं दवाखान्यापासून तुटत.

कार्यकर्ते चिडले. त्यांतले वयानं मोठे असलेले नाना म्हणाले, "अक्का, ओट्यावर हे शोभतं. दिल्लीत कोणी शेजाऱ्याचं सांगतं का?"

मीही तिला म्हणालो, "तुझ्या शेजारी बसणाऱ्याला नियमच माहीत नाही."

"मग शिकवायला हवा, बापू," ती म्हणाली. मला ती लहानपणापासून बापू म्हणायची.

पुढच्या निवडणुकीत समोरच्यांनी तिला 'शेजारीणबाई' करून टाकलं. 'खासदार आपली, काम शेजाऱ्याचं,' असं भिंतीभिंतीवर लिहिलं. अक्का पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं ओटा झाडला. कुणी येईल असं वाटत नव्हतं. सातच्या सुमाराला अकरा माणसं आली. त्यांतली एक म्हातारी अक्काला म्हणाली, "खासदार नही ते काय, ओटा ते शे ना?" पाच वर्षं अक्का त्यांचे अर्ज घेऊन रिक्षानं कलेक्टर कचेरीत जात राहिली.

पुन्हा उमेदवारी मिळाली तेव्हा ती मला शांतपणे म्हणाली, "मी पडले तर काही नाही. पण लोक म्हणतील की ओट्यावरची रीत खोटी होती. आपलं आपण ओरडून मागावं, हेच खरं. ते मला सोसणार नाही."

मी सभांना जाणारा माणूस नव्हे. त्या वेळी मात्र पायथ्याच्या एका आठवडे बाजारात गेलो. व्यासपीठ नव्हतं. ट्रॉलीवर चढून एक माणूस बोलत होता. "माले अक्कानी काहीच दिन्हं नही. पण या बाईना पोरीले वसतिगृहात जागा भेटनी." मग ती बाई ट्रॉलीवर चढली आणि तिनं तिसऱ्याच कुणाचं सांगितलं. समोरच्या पक्षाचा एक जण ओरडला, "शेजारीणबाईचा प्रचार शेजारीच करी ऱ्हायनात!" बाई वरूनच म्हणाली, "भाऊ, तुन्हं बी सांगू का? तुना आबाना पगार कोणी चालू करा?" त्याच्या वडिलांचं निवृत्तिवेतन अक्काच्या अर्जामुळेच सुरू झालं होतं. पोरगा गर्दीत दिसेनासा झाला. कुणीही शिकवलेलं नसताना ओटा गावोगाव पोहोचला होता.

मतमोजणीच्या दिवशी अक्का दुपारपर्यंत मागे होती. ती घरात माझ्या ग्रंथालयातलं पुस्तक वाचत बसली होती, आणि बराच वेळ पान उलटलं नव्हतं. पायथ्याची गावं शेवटच्या फेऱ्यांत होती. फरक कमी होत गेला, मिटला, आणि मग आकडा असा चढला की फोनवर सांगणाऱ्या नानांना रडू आवरेना. रस्त्यावरून आरोळी उठली.

ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी हार आणला, तर अक्कानं तो शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीच्या गळ्यात घातला. म्हातारीनं पुढच्याच्या. तो हार ओटाभर, मग गल्लीभर फिरला आणि परत अक्काच्या गळ्यात पडला, तेव्हा त्यात फुलं थोडी आणि दोरा जास्त होता. तसा देखणा हार मी दुसरा पाहिला नाही.

त्याच कारकिर्दीत एकदा तिचा दिल्लीहून फोन आला. आवाज लहान मुलीसारखा. "बापू, आज शेजाऱ्यानं आपलं सांगितलं." ज्यांच्याकडे गाडी थांबली होती तेच खासदार, विरोधी बाकांवरचे, उठून आमच्या पुलाबद्दल बोलले होते. आज त्या पुलावरून एसटी जाते.

गेल्या आठवड्यात धुळ्यात शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. कागद लिहून नेले होते, पण पहिली ओळसुद्धा वाचता येईना. तेव्हा बांधाच्या भांडणातला तो धाकटा भाऊ, आता केस पिकलेला, पुढे आला. "भाऊ, तुम्ही थांबा. नियम शे ना." मग सभेकडे वळून त्यानं माझं सांगितलं. अक्का दिल्लीहून आली की हा माणूस आधी तिच्या पिशवीतलं पुस्तक काढायचा, खूण कुठवर सरकली ते पाहायचा, आणि मग चहा ठेवायचा. आम्ही ओट्यावरून बघायचो. आता घरात पुस्तकं आहेत आणि चहा एकट्याचा आहे.

सगळं खरं होतं. मला ते कधीच म्हणता आलं नसतं.

आता पाळी माझी होती. कागद खिशात ठेवले. याचा थोरला भाऊ याच पावसाळ्यात वारला, आणि बांध नसलेल्या त्या शेतात यानं दोन्ही घरांची पेरणी केली, हे मी सभेला सांगितलं. आयुष्यभर पुस्तकांमध्ये कुजबुजत बोललेल्या माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मी थांबलो तोवर त्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली होती, शेजारणीचं सांगायला.