नाटक अर्ध्यावर थांबवणारे मामा

आमच्या मामांनी आयुष्यात एकही नाटक संपवलं नाही. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, गावोगाव मंडळ्यांची नाटकं व्हायची, लोक शेवटपर्यंत बघून घरी जायचे. मामांचं नाटक मात्र भांडण ऐन रंगात आलं की थांबे. हात वर करून ते समोरच्यांना विचारत, "पटलं का? ज्याले नाई पटलं त्यानं वर या, अन् करून दाखवा." आम्ही नटमंडळी तोंडाला पावडर थापून बाजूला ताटकळत.

मामा आमच्याच गावचे, वांगी-मिरची लावणारे. पण वांगी किडीच्या हवाली करून हे गावोगाव भांडणं वेचत हिंडत. देऊळघाटला पाटाच्या पाण्याचं नाटक थांबवलं, तर खरोखरचे दोन भांडखोर शेजारी वर चढले. मामांचा नेम असा, की वर येणाऱ्यानं समोरच्याच्या जागी उभं राहायचं. ते दोघं एकमेकांची बाजू घेऊन इतके तावातावानं भांडले, की आम्ही भाकरी खाऊन, तोंड धुऊन आलो तरी चालूच. मामा खुशीत म्हणाले, "पाह्य बे, समजून राह्यले." मला तरी तसं काही दिसत नव्हतं.

घरीही तेच. भाजी खारट झाली म्हणून मामीला म्हणाले, आता तू मी हो, मी तू होतो. मामी म्हणाली, "व्हा ना. चूल तिकडं हाये," आणि बाजेवर जाऊन पडली. त्या दिवशीच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत. त्यांबद्दल न बोललेलं बरं.

माझी शाळा बाबांनी चौथीतच सोडवलेली, स्वभाव भित्रा. म्हणूनच मामा मला दरडावणाऱ्या बापाचं काम देत. वडनेर भोलजीला बाजाराच्या दिवशी त्यांनी मुलीला शाळेतून काढण्याचं नाटक लावलं. नेमकी तेव्हाच बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीची शाळा बंद करायचं ठरवलं होतं. मी मामांना हात जोडले, आजच्याला दुसरं काहीही करा. म्हणाले, "मंग तर हेच पाह्यजे."

बाबा पुढेच बसलेले. मी "उद्यापासून शाळा बंद" म्हटलं, मामांचा हात वर गेला, आणि बाबा तडकले. बापाची अडचण कोणी सांगतच नाही म्हणे.

"या ना दाजी," मामा म्हणाले, "पण तुम्ही पोरगी." आणि स्वतःचं उपरणं बाबांच्या डोक्यावरून घातलं.

मिशीवाली पोरगी बघून बाजार हसून लोळला. घरी रोज ऐकलेलं बाबांचंच वाक्य मी बाबांना ऐकवलं, "शिकून का करतं? घरचं काम कोन करन?"

बाबांनी उपरणं डोक्यावर नीट ओढून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "भाऊले काढलं तवा त्यानं इचारलं नाई. मी इचारून राह्यली. मले काऊन काढता?"

बाबांनी उपरण्याची घडी केली, मामांच्या हातात दिली आणि घरची वाट धरली. बहिणीची शाळा बंद करायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पुढं मी पोटासाठी इकडे दूर मुलखात आलो. निघताना मामांचे आभार मानायचे होते, चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती. मामा मला पोहोचवायला नांदुरा स्टेशनवर आले खरे, पण फलाटावर एक हमाल आणि एक बाई गाठोड्यावरून भांडत होती. मामा त्यांच्यात शिरले. गाडी हलली तेव्हा मला त्यांची पाठ तेवढी दिसली.

बहिणीला पत्रात दर वेळी लिहितो, मामांना माझ्यातर्फे आभार सांग. ती आता सुरेख अक्षरात उत्तर धाडते: मी नाई सांगत, तूच ये अन् सांग.