आईचा आजार भावाने लपवला

थोरल्या भावाने मला फसवलं. आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, पण बहिणींची लग्नं अडतील म्हणून त्याने आम्हा धाकट्यांनाही कावीळच सांगितली. मला गाठ आली तेव्हा कुठे मावशीने खरं सांगितलं. मी जनुकांची तपासणी करून घेतली, तर आईकडून आलेला दोष माझ्यातही निघाला. दोन्ही स्तन काढले, उपचार पुरे केले. आता कॅन्सर गेलाय आणि पिंपळगावच्या कांदा लिलावात पुन्हा माझीच बोली गाजते.

काल भावाला फोन केला.

“अगं, जुनं कशाला उकरतेस? पोरीला स्थळं येताहेत.”

“दादा, तो दोष तुझ्यातून तिच्यातही गेला असेल. तुम्हा दोघांची तपासणी कधी करतोस? आत्ता सांग!”