साक्षीदाराची ओळ

बारामतीत कामगारांचे अर्ज टाइप करून देणं हे माझं रोजचं काम. माणसं मी विसरते, अर्ज लक्षात राहतात. या एका कामगाराच्या बाबतीत उलटं झालं.

त्याचं गाव बावडा, इथं बारामतीच्या जळोचीत खोली घेऊन एकटाच राहायचा. कंपनीनं त्याला कामावरून काढलं होतं, आणि आजारपणाच्या अकरा दिवसांची पगारी रजाही, आजार खोटा म्हणून, दिली नव्हती. ती मिळावी म्हणून हा अर्ज. बोलताना त्याचा हात सारखा छातीकडं जायचा. तिथं कंपनीचं ओळखपत्र असायचं, ते आता नव्हतं.

डॉक्टरचा कागदही नव्हता. मेडिकलमधून गोळ्या आणून तो नुसता पडून राहिला होता.

"मग साक्षीदार लागेल," मी म्हटलं. "आजारी असताना तुम्हाला बघितलेलं कुणीतरी."



"तसं कुणी न्हाय, ताई. गोळ्या आणाय बी मीच जात हुतो."

"आजारी असल्याचं फोनवर तरी कुणाला सांगितलं असेल?"

"आईचा रोज फोन यायचा. पण तिला काळजी नको म्हणून सांगायचो, कामावर हाय." तो कसंनुसं हसला. "आता तिला इचारलं तर ती कंपनीच्याच बाजूनं बोलंल."