मागं राहिलेली चप्पल

आमच्या गावच्या डॉक्टरीणबाई शर्मिला. त्यांच्या दवाखान्यात शिरणाऱ्याला आधी बसू देत नाहीत. "तिथनंच चालत या टेबलापर्यंत," म्हणतात. ताप असो, खोकला असो, चालायचं. हिंजवडीच्या कंपनीतलं एखादं पोरगं गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून येतं.

"मॅडम, माझी मान दुखतीय. पाय ओके आहेत."

"मानेसकटच चाल."

पोरगं मुकाट्यानं चालतं. ही सवय बाईंना कुठनं लागली ते जुन्या गावाला ठाऊक आहे. नव्या सोसायट्यांत राहायला आलेल्यांना कुठनं असणार? म्हणून लिहून ठेवतो.

शर्मिलाचे वडील बापूराव. बैल बघावा तर त्यांनी. पंचक्रोशीत कुणी बैल घ्यायला निघाला की आधी बापूरावांना गाडीत घालायचा. ते दात बघत, शेपूट पिळत, पण दावं सोडून बैल चालवल्याशिवाय हो म्हणत नसत. "दावणीला समदेच राजे असत्यात," म्हणायचे, "चालाय लागला की खरं काय ते दिसतं."

पुढं अठ्ठ्याण्णवच्या आगेमागे शिवारात खुणेचे दगड पडले. जिथं ज्वारी डुलायची तिथं काचेच्या इमारती होणार म्हणाले, आणि झाल्याही. बैल विकले गेले. भाताचं एक खाचर, ती नजर आणि बारावीला ढीगभर मार्क पाडून बसलेली लेक, एवढं बापूरावांकडं उरलं.

लेकीला गावातच बसणारी डॉक्टर व्हायचं होतं. हृदयाची नाही, हाडाची नाही; सगळ्यांची. तेव्हा गावात दुखणं आलं की जीप करून पुण्याला पळायचं, नाहीतर अंगावर काढायचं. बहुतेक जण अंगावरच काढत.

मार्कांवर तिला दोन कॉलेजं मिळत होती. एक पुण्यातलं मोठं. दुसरं लांब, दक्षिणेकडं, माळावरचं. प्रवेशाला मुंबईत जायचं, नाव पुकारलं की टेबलापुढं उभं राहून एकच नाव सांगायचं. एकदा सांगितलं की सांगितलं.

"आगं, पुण्याचं सोडून माळावर गेलीस तर लोक म्हंतील, हिला पुण्यात घेतलीच न्हाय," आत्या मथुराबाई म्हणाली.

"आत्या, पुण्यात शिकून गावात येऊन बसलेला एक डॉक्टर दाखव मला."

"आन् माळावर काय शिकवत्यात? ढोरं हाकायला?"

भीती तिचीही तीच होती. मोठ्या कॉलेजात गेलो तर तिकडचेच होऊन बसू. लहान कॉलेजात शिक्षण कमी पडलं तर आपल्या हातून गावातलंच माणूस जाईल. पोरगी जेवेना.

बापूराव म्हणाले, "त्यात काय येवढं? दोन्ही बैल चालवून बघू. म्या पेशंट, तू सोबत."

आधी पुण्याला गेले. ओपीडीत ही गर्दी. दाराशी पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. काढल्या. पोट दुखतंय म्हणून बापूरावांनी ठोकून दिलं. तरुण डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, नीट चार प्रश्न विचारले, गोळ्या दिल्या. बाहेर येऊन बापूराव म्हणाले, "काम चोख हाय. ह्यो बैल कमी नाय."

शर्मिलाचा घोर आणखी वाढला.

मग स्वारगेटवरनं लाल गाडी धरून दुसऱ्या कॉलेजाला गेले. तिथं ओपीडी म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला बाक, दुसऱ्या टोकाला टेबल. टेबलाशी चैताली नावाची शिकाऊ डॉक्टर. बापूरावांचा नंबर आला तसे उठले, चालत गेले, स्टुलावर टेकले आणि पोटाला हात लावून कण्हायला लागले.

"बाबा, तुमची एक चप्पल मागं राहिली," चैताली म्हणाली.

बापूरावांनी वळून बघितलं. चप्पल शेडच्या मधोमध पडली होती. बाकावरची माणसं हसली. बापूरावही हसले. "वय झालं, बाई."

चैताली मात्र हसली नाही. "पायातनं निसटली ते कळलं नाही तुम्हाला?"

"न्हाय की."

तिनं खाली बसून त्यांचा तळवा उचलून बघितला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू धरलेला. बापूरावांना पत्ता नाही. दुसऱ्याच्या बैलाचा खूर शंभरदा उचलून बघणाऱ्या माणसानं स्वतःचा पाय कधी बघितला नव्हता. रक्त तपासलं तर साखर कधीची चढलेली. त्या साखरेनंच पायाची जाणीव मारली होती.

"आणि पोट कधीपासून दुखतंय?"

"पोटाला काय धाड भरलीया! पोट खोटं हुतं, बाई."

आता चैताली हसली. शर्मिलानं तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला हे दिसलं कसं?"

"सरांनी लावलेली खोड. पेशंट तोंड उघडायच्या आधी बाकापासून टेबलापर्यंत त्याची चाल बघायची. म्हणून तर बाक इतका लांब ठेवलाय. सुरुवातीला आम्हीपण वैतागतो."

बापूरावांनी लेकीकडं बघितलं.

मुंबईत नाव पुकारलं तेव्हा शर्मिलानं माळावरच्या कॉलेजाचं नाव सांगितलं. टेबलामागचा माणूस म्हणाला, "पुण्याची जागा शिल्लक आहे, कळतंय ना?"

"कळतंय."

रांगेत मागं सदाशिव पेठेतले एक गृहस्थ मुलाला घेऊन उभे होते. "आपली प्रकृती बरी आहे ना?" त्यांनी बापूरावांना विचारलं. "नाही म्हणजे, आमच्या चिरंजीवांची सोय झाली. आभारी आहोत."

"बरी न्हाय," बापूराव म्हणाले, "पर पाय वाचला."

पाय खरोखरच वाचला. शिकून शर्मिला गावात परत आली, बसली, आणि आजतागायत बसलीय. दवाखान्याची खोली बांधली तेव्हा मिस्त्रीला सांगून तिनं दार आणि टेबल दोन टोकांना ठेवून घेतलं. मिस्त्री म्हणाला, जागा फुकट जातीय. जाऊ दे म्हणाली. आणि दर वर्षी खाचरातला इंद्रायणी तांदूळ निघाला की पहिली पिशवी चैताली असेल त्या गावी जाते. बापूराव स्वतः एसटीत ठेवून येतात.

परवा तो मान दुखणारा पोरगा पुन्हा आला. सोबत आई, नागपूरकडची, लेकाचा संसार लावून द्यायला आलेली. पोरगा सवयीनं चालत गेला. आई त्याच्या मागनं गेली आणि खुर्चीवर टेकली.

शर्मिलाबाईंनी पोराच्या मानेकडं बघितलंच नाही. दाराकडं बघत म्हणाल्या, "मावशी, तुमची चप्पल मागं राहिली."

"अगं बाई! मला समजलंच नाही."

दाराशी बाकावर बापूराव बसले होते. त्यांनी वाकून ती चप्पल उचलली, झटकली आणि म्हणाले, "बसा आता निवांत. येळेवर आलायसा."