दसऱ्याची गाडी आणि शिवणवाल्या बाईंचा जबाब

झेंडूच्या माळा घातलेला ट्रक समोरून आला की ती घटना मला आजही आठवते, आणि मी मान दुसरीकडे वळवतो. मुदतीआधी नोकरी सोडली त्याला चार वर्षं झाली. लोक म्हणतात, साहेब, एखादी केस सांगा. मी दरोड्याच्या सांगतो. ही मात्र कुणाला सांगितली नाही, घरीसुद्धा नाही.

मी तेव्हा खालापूर भागात फौजदार म्हणून नवा होतो. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. ठाणं कौलारू, अंगणात बकुळ. सकाळची हजेरी झाली की हवालदार कार्बन नीट बसवून स्टेशन डायरी पुढ्यात ठेवायचे, आणि बकुळीची चार फुलंही. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रस्त्यावर आजच्यासारखी वर्दळ नव्हती. गस्त सायकलवरून. दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही बाजूंचं भात पिवळं पडायचं आणि उतारावर सायकल सोडून दिली की वाटायचं, नोकरी असावी तर अशी.

त्या वर्षी कुंभिवलीजवळच्या एका भातशेतीवाल्याने गवताच्या धंद्यासाठी ट्रक घेतला होता. दसऱ्याला सकाळी महामार्गाच्या कडेला त्याची पूजा झाली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं चिरडून ट्रकने दोन हात पुढे जाऊन थांबायचं, एवढाच विधी. ट्रक थांबला नाही. कडेने एक बाई चालल्या होत्या. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला निघालेल्या. चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं. बाई विधवा होत्या, पायमशीनवर शिवणकाम करून दोन मुली वाढवत होत्या.

तासाभरात ट्रकचा ड्रायव्हर आपण होऊन ठाण्यात हजर झाला. लायसन, गाडीचे कागद, विम्याचा कागद, सगळं एका पिशवीत. "माझ्या हातून झालं, सायेब. ब्रेक लागला नाय." हवालदारांनी त्याला बाकावर बसवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, माणूस उडवल्यावर ड्रायव्हर आधी पळतो, कागद मागाहून येतात. हा एवढा तयारीनं आला?"

दुसऱ्या दिवशी हवालदार शिळफाट्यावर चहा पिऊन आले ते बातमी घेऊनच. "तिथं उघड बोलतायत. गाडीवर मालक व्हता. लायसन-बियसन काय नाय त्याच्याकडं."

मी पंचनामा पुन्हा वाचला. फुटलेला नारळ, चिरडलेली लिंबं, अकरा पावलांवर रक्ताचा डाग. आणि पूजेच्या जागी चामडी वहाणांचा एक जोड, कोरा. पूजा झालेल्या गाडीत वहाणा घालून चढत नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणजे वहाणा ज्याच्या, तोच गाडीवर. मुद्देमालातला तो जोड मागवला आणि ड्रायव्हरपुढे ठेवला.

"कुणाच्या रे या?"

"माझ्याच."

"घाल."

त्याची टाच दोन बोटं मागे लोंबत राहिली. हवालदार हसू दाबत म्हणाले, "काय रं, पाय रातीतून वाढला काय?"

तो खाली बसला. मारायची गरज पडली नाही. खरं सांगायला तयार झालेल्या माणसाचा श्वास वेगळा चालतो, तो मी तिथे पहिल्यांदा ऐकला.

"पहिला मान मालकाचा असतो, सायेब. लिंबू मालकानंच चिरडायचं. आमच्यात सगळे तसंच करतात. मी बाजूला बसून सांगत व्हतो, क्लच सोडू नका, सोडू नका. त्यांनी सोडला, आणि ब्रेक समजून भलतंच दाबलं."

"मग तू का अंगावर घेतोस?"

"मालकानं पाया पडून सांगितलं. पण एवढंच नाय. वकील बोलला, बिनलायसनचा माणूस गाडीवर व्हता असं कागदावर आलं, तर विमा कंपनी हात वर करनार. त्या बाईला काय भेटायचं नाय. मी आत गेलो तर सा महिन्यांनी भायेर येईन. तिचा पाय येनार हाय का?" मग म्हणाला, "हे मी तुमाला सांगितलं. सही मात्र करनार नाय."

मी मोटार कायद्याचं पुस्तक काढून पाहिलं. तो बरोबर बोलत होता.

पूजेला जमलेले सगळे मालकाच्या भावकीतले. एकही जबाब द्यायला तयार नव्हता. राहिल्या त्या बाईच. मी निघालो तेव्हा हवालदार दारात आडवे उभे राहिले. "साहेब, भरपाईचं तिला आधी सांगा हां. जबाब मागनं घ्या." मी "बघू" म्हणालो.

सरकारी दवाखान्यात बाई खाटेवर बसून होत्या. गुडघ्याखाली पाय कापला होता. मला बघून त्यांनी पदर सावरला.

"जयभीम, सायेब. भरपाई भेटते म्हनं अशा केसमधी. खरं काय?"

"दावा अलिबागला चालतो. मिळते."

"मग बरं. मशीन पायाची हाय माझी. पोरींना शाळेतनं काढावं लागू नये, एवढंच बगते."

हाच तो क्षण होता. सांगायला दोन वाक्यं लागली असती. मी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "ट्रकवर कोण होतं, दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं की. मालकच. गुलाबी फेटा बांधून बसलेला. माझ्याकडं बगून हात हलवत व्हता, बाजूला व्हा म्हनून."

"खरं आहे ते सांगा, बाई. पुढचं कायदा बघेल."

त्यांनी जबाब माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "तुमी नीट लिवलंत, बरं वाटलं."

केस उभी राहिली. मालकाला शिक्षा झाली, ड्रायव्हर सुटला. माझ्या सेवापुस्तकात चांगल्या तपासाचा शेरा आला. अलिबागच्या न्यायाधिकरणाने विमा कंपनीला मोकळं केलं आणि भरपाई मालकाने द्यावी असा हुकूम दिला. तोवर जमीन त्याच्या भावाच्या नावावर गेली होती आणि ट्रक कर्जापोटी बँकेने ओढून नेला होता. बाईंच्या हाती हुकुमाची नक्कल राहिली.

खरं लिहिलं म्हणून मला टोचत नाही. खोटं लिहिणं मला शक्यच नव्हतं. पण त्या खाटेशेजारी मी गप्प का राहिलो, हे मला तेव्हाही माहीत होतं. भरपाई बुडते म्हटल्यावर बाई मागे सरल्या तर माझी केस कोसळणार होती. मला केस हवी होती. एवढंच आणि एवढंच.

नोकरी सोडल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी कुंभिवलीला गेलो. बाई दारात हातमशीनवर बसल्या होत्या. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सरकवायचं. काम निम्म्याने कमी होतं, असं त्याच म्हणाल्या. थोरलीला सातवीतून काढावं लागलं होतं. धाकटी शिकून पेणला नर्स होती. मला त्यांनी लगेच ओळखलं, आत हाक मारून चहा ठेवायला लावला.

चहा येण्याआधी मी सगळं सांगून टाकलं. तुमच्या जबाबाने भरपाई बुडणार, हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही.

बाईंनी चाक थांबवलं. दोरा दाताखाली धरला.

"मला वकिलाकडनं कळलं व्हतं, सायेब. दावा पडला त्या दिवशी. वाटलं, फौजदारांनापन ठाऊक नसंल. नवीन मानूस." दोरा तोडला. "तुमी सांगितलं असतं तरी मी दुसरं बोलले नसते. त्या दिवशी मी वंदनेलाच निगालेले. तोंडात पंचशील, आनि लगेच खोटं कसं बोलनार?"

मला सुटल्यासारखं झालं. ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

"पन विचारायला पायजे व्हतं तुमी," त्या म्हणाल्या. "पाय माझा व्हता. खरं बोलायचं का नाय, ते मी ठरवनार व्हते. तुमी माझ्यासाटी ठरवलंत."

पोलिसांच्या शाळेत जबाब कसा घ्यावा हे शिकवतात. साक्षीदाराला काय विचारावं, कोणत्या क्रमाने विचारावं. जबाबाची किंमत ज्याला मोजावी लागणार, त्याला ती आधी सांगावी, हे मला एका शिवणाऱ्या बाईने शिकवलं, आणि तेही मी गणवेश उतरवल्यावर. चहा आला. तो मी पूर्ण प्यायलो, कारण अर्धा टाकून उठण्याचीही मला लाज वाटली.