फॉर्मवर मी लिहिलेलं 'नाही'

आज सोमवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी रत्नागिरीत बाबांच्या एमआरआयचा फॉर्म भरत होतो. त्यांच्या स्वादुपिंडात चौदा मिलिमीटरची पाण्याची गाठ आहे. ती वाढते का, हे बघायला दर वर्षी स्कॅन करावा लागतो.

'शरीरात धातू आहे का?' या प्रश्नापुढे मी गेल्या वर्षीसारखंच 'नाही' लिहिलं. बाबांना न विचारता.

आत नेताना तिथल्या मॅडमनी त्यांना विचारलं, "काका, काम काय करायचात?"

"दाभोळला बोटींचं वेल्डिंग. तीस वर्षं."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"वेल्डरच्या डोळ्यात लोखंड नाय जाणार तर काय आंबा जाणार? रुमालाच्या टोकाने काढायचा नि परत कामाला लागायचं."

मॅडम हसल्या नाहीत. कण आत राहिला असेल तर मशीनचं चुंबक तो ओढतं आणि डोळा जाऊ शकतो, म्हणाल्या. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला पाठवलं. त्या पाऊण तासात मी चार वेळा जिना उतरलो आणि चढलो.

एक्स-रेत काही निघालं नाही. मग स्कॅन झाला. गाठीचा रिपोर्ट परवा मिळेल.

बाबा जेवून झोपलेत. मला मात्र गेल्या वर्षीचा फॉर्म डोक्यातून जात नाही. तेव्हा एक्स-रे काढलाच नव्हता. माझ्या शब्दावर त्यांना आत सोडलं होतं.

तुमच्या घरी आईवडिलांचे फॉर्म तुम्हीच भरता ना? उत्तरं त्यांना विचारून लिहिता का?