दरीकडची खोली नको

आधी दिरावरचा राग काढते, मग बाकीचं सांगते. पोरगी दुसऱ्यांदा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत नापास झाली तेव्हाचा हा सल्ला त्यांचाच. "वहिनी, जूनमध्ये नागपुरात माणूस उकडून निघते. पोरीले थंड हवेत घेऊन जा. चिखलदऱ्याले मस्त फॅमिली रिसॉर्ट झालं आहे. झोपाळे आहेत, पोहायले टाकं आहे. पोरगी हसते की नाही ते पाहा!" उंटावरचे शहाणे! पण त्या दिवसांत मला कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं.

निकालानंतर पोरगी एकदा जेवता जेवता म्हणाली होती, "मी नसती तर तुमचं बरं झालं असतं." रडून नाही, चिडून नाही. वरण वाढ म्हणावं तसं. तिच्या बाबांनी "काहीतरीच बोलते" म्हणून विषय उडवून लावला. माझा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीची आतली कडी मी काढून टाकली, गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. डॉक्टरला दाखवू म्हटलं की हे म्हणायचे, "लोकांना कळलं तर? उद्या पोरीचं लग्न करायचं आहे." लग्न! इथे पोरगी हातातून चालली आणि यांना वरात दिसत होती.

परतवाडा सोडून घाट चढायला लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपण हे काय करून बसलो? गच्चीला कुलूप घालणारी मी बाई, आणि पोरीला घेऊन चालले कुठे, तर जिथे वळणावळणाला दरी! आगीतून निघालो ते थेट फुफाट्यात. "अहो, गाडी वळवा," मी हळूच म्हटलं. "घाटात कुठे वळवू?" म्हणाले. पोरगी मागे सीट घट्ट धरून बसली होती.

रिसॉर्टच्या काउंटरवरचा माणूस खूश. "मॅडम, नशीब जोरात आहे तुमचं. दरीकडची खोली आत्ताच रिकामी झाली. बाल्कनीत उभं राहिलं की सगळी दरी पायाखाली."

"नको," मी म्हटलं. "मले गाड्या उभ्या राहतात तिकडची द्या."

"तिकडून काहीच दिसत नाही, मॅडम."

"तेच पाहिजे मले."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मी हात जोडले तेव्हा त्याने मुकाट किल्ली बदलून दिली. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईने लगेच ती दरीकडची मागून घेतली.

खोली मिळाली, पण पोरगी त्या खोलीतून बाहेरच येईना. गळ्यापर्यंत पांघरूण, पडदा लावलेला. बाहेर टाक्यात लेकरं किंचाळून राहिली होती, भोंग्यावर तंबोल्याचे आकडे चालले होते. बाबांनी तिच्यासाठी रबडी आणली, तिने बोटही लावलं नाही. आणि जो तो एकच विचारायचा, "पॉइंट पाहिले का?" दातओठ खाऊन मी "पाहू, पाहू" म्हणायचे. पोरगी पडून आहे याचं मला मनातून बरंच वाटत होतं, तरी तोंडाने बोलायचे, "एवढ्या लांब आणलं, आणि झोपून काहून राहिली वं?" दाराशी खुर्ची टाकून तिथेच बसले होते मी. चहासुद्धा तिथेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांचा धीर सुटला. "चल, सगळे सूर्यास्त पाहायला जाऊन राहिले. किती दिवस तोंड लपवशील?" आणि तिचा दंड धरून उठवायला लागले. तिने पलंगाची कड घट्ट पकडली.

"सोडा तिले!" मी ओरडले. "तिथे नाही न्यायचं!"

"काहून नाही?"

"उडी मारली तर तिनं?"

गेलं तोंडातून. पोरीच्या समोर. मी स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. यांनी दंड सोडला आणि हे तिथेच खाली बसले.

पोरगी उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आई, मी कालपासून बाहेर काहून नाही निघाली, माहीत आहे? मलेही तीच भीती वाटून राहिली. माझीच. घाटात मी सीट धरून बसली होती. मले नाही मरायचं वं आई. पण माझाच मले भरवसा नाही."

मी तिला छातीशी धरलं आणि दोघी मोठ्याने रडलो. लोकांना ऐकू गेलं तर जाऊ दे. हे उठले, बाहेर जाऊन डॉक्टरला फोन केला, जे खरं ते सगळं सांगितलं, आणि आत येऊन बॅगा भरायला घेतल्या.

उतरताना मी मागे तिच्याजवळ बसले. दरीची बाजू मी घेतली. माझ्या ओढणीचं टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. तिने हात हलवून पाहिला.

"आई," ती म्हणाली, "अजून एक गाठ मार."